गुलमर्ग, स्पॉन्सर आणि सतराव्या अध्यायातले तीन श्लोक



आजचं वाचन: गीता, अध्याय 17, श्लोक 20 ते 22.

1 डिसेंबरला गीता जयंती आहे. त्या दिवशी अठरावा पूर्ण करायचा असं ठरवलंय, म्हणून सध्या रोजचा वेग वाढवलाय. पण आज सकाळी या तीन श्लोकांपाशी गाडी अडली ती अडलीच. साडेआठची लोकल चुकली, तरी पुढे सरकता आलं नाही.

विषय दानाचा आहे. माझ्या शब्दांत सांगतो. देणं हे आपलं कामच आहे असं समजून, ज्याच्याकडून परत काही यायचं नाही अशाला, योग्य जागी, योग्य वेळी, योग्य माणसाला दिलेलं ते सात्त्विक. काहीतरी परत मिळेल, निदान नाव होईल, अशा हिशेबाने किंवा जिवावर येऊन दिलेलं ते राजस. आणि चुकीच्या जागी, चुकीच्या वेळी, किंवा समोरच्याचा मान न ठेवता, त्याला कमी लेखून दिलेलं ते तामस.

गंमत अशी की या तिन्हींमध्ये रक्कम कुठेच नाही. किती दिलं हा प्रश्नच भगवंत विचारत नाहीत. हे श्लोक मी कॉलेजपासून वाचतोय, आणि आपण पहिल्या खणात बसतो याबद्दल मला कधी शंका नव्हती. ती शंका फेब्रुवारी 2024 मध्ये गुलमर्गला आली. बर्फात, पायात स्की बूट असताना नाही. रात्री जेवणाच्या टेबलावर, राजमा-भात खाताना.

आम्ही तीन मित्र. तिघंही कन्नमवार नगरचे, एकाच मैदानावर टेनिस बॉलचं क्रिकेट खेळून मोठे झालेलो. मी आता विक्रोळी पश्चिमेला राहतो, एक मित्र ठाण्याला गेला, तिसरा अजून कन्नमवार नगरातच आहे, आईसोबत. नावं लिहीत नाही. त्यांना आवडणार नाही आणि गोष्टीला गरजही नाही. 2023 च्या गणपतीत, आरतीनंतर प्रसाद खात बसलो असताना कुणीतरी म्हणालं, पोरांना एकदा खरा बर्फ दाखवू या. आम्ही सगळे विक्रोळीकर. स्वेटर म्हणजे माथेरानला न्यायची वस्तू. मग काय, ग्रुप झाला, ग्रुपला नाव मिळालं, आणि ठरलं की नुसता बर्फ बघायचा नाही, स्कीइंग शिकायचं. गुलमर्ग. तीन कुटुंबं, सहा मोठे, चार पोरं. (पहलगामच्या आधीची ही गोष्ट. तेव्हा काश्मीरला जायचं म्हणजे तिकिटं स्वस्त मिळतात का, एवढीच चिंता असायची.)

नोव्हेंबरमध्ये कन्नमवार नगरातल्या मित्राची नोकरी गेली. आमच्या क्षेत्रात हे कसं होतं ते तुम्हाला माहीत आहे. सकाळी मीटिंगचं निमंत्रण येतं, दुपारी लॅपटॉप बंद. त्याने ग्रुपवर काही लिहिलं नाही, मला फोन केला. म्हणाला, "आम्हाला यातून काढ रे. तुम्ही जा."

मी म्हणालो, "वेडा आहेस का? तू येणार. पैशाचं माझ्यावर सोड."

तो नको म्हणाला. मी म्हणालो, परत द्यायचे नाहीत, विषय संपला. तो परत नको म्हणाला. दोन दिवसांनी मी विमानाची तिकिटं काढून त्याला पाठवली. तीन जणांचं विमान, हॉटेल, गाडी असं मिळून 90,000 रुपये झाले. स्प्लिटवाइजवर त्याच्या कुटुंबाचा वाटा मी स्वतःच्या नावावर टाकला. त्या रात्री मला फार शांत झोप लागली. खरं सांगतो, झोपण्यापूर्वी हाच विसावा श्लोक आठवला होता. योग्य वेळ? नोकरी गेलेली. योग्य माणूस? लहानपणचा मित्र. परत काही नको? तसं तोंडाने म्हणून झालं होतं. सगळ्या चौकटींवर बरोबरची खूण. आम्ही इंजिनिअर लोक शास्त्रसुद्धा टेस्ट केससारखं वाचतो.

त्या वर्षी जानेवारीत गुलमर्गला बर्फच नव्हता. फोटो आठवत असतील, भर हिवाळ्यात पिवळं गवत. आम्ही रोज व्हिडिओ बघत होतो आणि पोरं रडकुंडीला आली होती. महिन्याच्या शेवटी बर्फ पडायला लागला आणि आम्ही पोचलो तेव्हा सगळं पांढरं होतं. श्रीनगरहून सुमारे पन्नास किलोमीटर. तंगमर्गला थांबून भाड्याचे गमबूट आणि लांब कोट घेतले, चाकांना साखळ्या लावलेल्या गाडीतून वर गेलो. गुलमर्ग साधारण 2,650 मीटरवर आहे, आणि तिथली गोंडोला दोन टप्प्यांत अफरवतच्या अंगावर 3,950 मीटरच्या आसपास नेते. पण नवशिक्यांचं काम खालीच, जवळजवळ सपाट दिसणाऱ्या उतारावर. सपाट दिसणारा उतार म्हणजे काय ते पायाला दोन पट्ट्या बांधल्याशिवाय कळत नाही.

आमचा इन्स्ट्रक्टर तिथलाच, पंचविशीतला मुलगा. जानेवारीत एक दिवसही काम मिळालं नव्हतं, असं त्याने अगदी सहज सांगितलं, हवामान सांगावं तसं. पोरांना तो म्हणायचा, "पिझ्झा बनाओ." म्हणजे दोन्ही स्कींची पुढची टोकं जवळ, मागची लांब, की वेग कमी होतो. पोरांना ते पाच मिनिटांत जमलं. माझा पिझ्झा काही केल्या होईना. मी पडलो की पडलेला राहायचो.

एकदा माझा मुलगा पडला. मी कसाबसा त्याच्यापर्यंत गेलो, हात धरून त्याला ओढलं, आणि आम्ही दोघंही घसरत खाली. इन्स्ट्रक्टर वैतागून आला. म्हणाला, "सर, खींचो मत. नीचे की तरफ खड़े रहो, वो ख़ुद उठेगा. माँगे तो पोल दो." म्हणजे पडलेल्याच्या खालच्या बाजूला, स्की आडव्या करून उभं राहायचं, म्हणजे तो आणखी घसरणार नाही. उठायचं त्याने. ओढलं तर दोघांचा तोल जातो.

तुम्हाला कळलंच असेल मी ही गोष्ट का सांगितली. मला मात्र त्या दिवशी काही कळलं नव्हतं.

मित्राची मुलगी अकरा वर्षांची. तिला स्कीपेक्षा स्नोबोर्ड हवा होता. सोसायटीच्या पार्किंगमध्ये स्केटबोर्ड चालवून चालवून तिचा तोल पक्का झालाय. स्नोबोर्डवर दोन्ही पाय एकाच फळीला बांधलेले, अंग आडवं, पहिले दोन तास माणूस नुसता बुडावर बसतो. पण तिसऱ्या तासाला ती उतरली. पूर्ण उतार, सरळ, हात पसरून. खाली पोचल्यावर तिने जी आरोळी ठोकली ती शिवजयंतीच्या मिरवणुकीत शोभली असती. मित्राने तिच्यासाठी वेगळा इन्स्ट्रक्टर लावला होता, दोन तासांचे 3,000 रुपये. स्वतःच्या खिशातून, रोख.

ते मी बघितलं. आणि माझ्या मनात काय आलं? आलं की, अच्छा, याच्याकडे यासाठी पैसे आहेत.

एवढंच. एक सेकंद. कुणाला दिसलं नाही. पण विसाव्या श्लोकातून मी तिथेच खाली घसरलो होतो, फक्त अजून थांबलो नव्हतो.

रात्री जेवताना ती मुलगी म्हणाली, "बाबा, उद्या पण स्नोबोर्ड?" मित्र म्हणाला, "बघू." आणि मी, राजम्याचा घास तोंडात असताना, मोठ्याने म्हणालो, "घे गं, बिनधास्त घे. स्पॉन्सर बसलाय ना इथे!"

सगळे हसले. मित्रही हसला. ती हसली नाही. तिने बापाकडे बघून विचारलं, "बाबा, स्पॉन्सर म्हणजे?"

कुणीतरी विषय बदलला. बहुतेक माझ्या बायकोने. मित्राने मुलीच्या ताटात भात वाढला. दुसऱ्या दिवशी सकाळी ती म्हणाली, मला कंटाळा आलाय, मी नाही येत स्नोबोर्डला. बुटांचे बंदही तिने बांधले नाहीत. दिवसभर हॉटेलच्या दारात माझ्या मुलाबरोबर बर्फाचे ढीग रचत बसली. अकरा वर्षांच्या मुलीला स्पॉन्सर म्हणजे काय ते रात्रीत कळलं होतं. कुणी सांगितलं, की तिचं तिनेच जोडलं, मला माहीत नाही. विचारायची हिंमत झाली नाही.

बावीसावा श्लोक. मान न ठेवता, कमी लेखून. रक्कम तीच, 90,000. एक रुपया कमी झाला नव्हता. पण टेबलावरच्या एका वाक्याने ते पैसे एका खणातून उचलून दुसऱ्यात गेले. मला वाटायचं, दान एकदा दिलं की त्याचा प्रकार ठरला, तारखेसकट पावती फाडली. तसं नाही. दिल्यानंतर तीन महिन्यांनीही ते बिघडू शकतं, दूध नासावं तसं. आणि नासवणारा घेणारा नसतो.

दुपारी मी त्याला म्हणालो, चल जरा. टेकडीवरच्या शिवमंदिराकडे गेलो. 'आप की कसम' सिनेमातल्या गाण्यात दिसतं ते, लाल उतरत्या छपराचं. (त्याच वर्षी जूनमध्ये ते आगीत जळालं. बातमी वाचली तेव्हा पहिल्यांदा आठवल्या त्या पायऱ्या.) पायऱ्यांवरचा बर्फ हाताने झाडून बसलो. मी सॉरी म्हणालो. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला ते जवळजवळ शब्दशः लिहितो.

"काल जे बोललास ते सोड. गमतीत बोललास. पण मी तुला नको म्हणालो होतो. दोनदा. तू ऐकलंस का? तुला ट्रिप पूर्ण हवी होती, फोटोत तिन्ही घरं हवी होती. मी आलो, कारण तू तिकीट पाठवलंस तोवर पोरीने अख्ख्या वर्गात सांगून टाकलं होतं."

मी काही म्हणणार, तेवढ्यात तो म्हणाला, "आता एकच कर. नोकरी लागली की मी हे परत देईन. तेव्हा नको म्हणू नकोस."

इथे मला थोडं थांबायचंय. कारण त्याचं म्हणणं मान्य केलं तरी माझा एक प्रश्न सुटत नाही, आणि तुम्हीही आग्रहाच्या घरांत वाढला असाल तर तुमचाही सुटणार नाही. आपल्याकडे 'नको' म्हणजे नको असतं का? पंगतीत जिलबी वाढणारा येतो, आपण पानावर हात आडवा धरतो, तो हात बाजूला करून दोन वाढतो, आणि तो आग्रह नसता तर आपणच घरी येऊन म्हणालो असतो की वाढपात जीव नव्हता. पहिला नको शिष्टाचाराचा, दुसरा लाजेचा, तिसरा खरा. मी त्याच्या दोन नकोंना जिलबीचे नको समजलो. मला खरंच तसं वाटलं होतं.

खूप विचार केल्यावर मला जाणवलं ते असं. पंगतीतला आग्रह चालतो, कारण तिथे आज जो वाढतोय तो नंतरच्या पंगतीला बसणार असतो आणि जेवलेला वाढायला उठणार असतो. सगळ्यांना हे माहीत असतं. पान आणि वाढपी यांच्यात उंच-नीच होत नाही, फक्त पाळी बदलते. नोव्हेंबरमध्ये माझ्या मित्राला त्याची पाळी कधी येणार हे माहीत नव्हतं. ज्याला पाळी दिसत नाही त्याचा नको वेगळ्या कानाने ऐकायला हवा होता.

शास्त्रं घेणाऱ्याची पात्रता बघायला सांगतात असं आपण समजतो, आणि त्या पात्र शब्दावर किती चर्चा झडतात! सिग्नलवरच्या माणसाला द्यावं की नाही, तो दारू पितो का, वगैरे. पण देणाऱ्याला कोण तपासतं? तैत्तिरीय उपनिषदात, शिक्षावल्लीच्या अकराव्या अनुवाकात, शिकून निघालेल्या शिष्याला गुरू जे सांगतो त्यात देण्याबद्दलही आहे. तिथे श्रद्धा तर आहेच, पण देताना मनात संकोच असावा, धाकही असावा असं येतं. मला हे आधी कधी कळलं नव्हतं. देणाऱ्याने कशाला लाजायचं, घाबरायचं? आता वाटतं, याच्यासाठीच. आपण दुसऱ्याच्या आयुष्यात हात घालतोय, तोल त्याचाही जाऊ शकतो, हा धाक.

विनोबांनी 1932 मध्ये धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर प्रवचनं दिली, हे तुम्हाला माहीत असेलच. पुढे 1951 मध्ये पोचमपल्लीपासून भूदान सुरू झालं तेव्हा ते जमीन मागायचे ती भीक म्हणून नव्हे. मला तुमचा एक मुलगा समजा आणि माझा वाटा द्या, अशी त्यांची मागणी असायची. दान या शब्दाचा आचार्यांनी केलेला संविभाग हा अर्थ ते पुन्हा पुन्हा सांगत. संविभाग म्हणजे नीट वाटून घेणं. वाट्यात उपकार नसतो. भावाला वाटा देताना आपण त्याला स्पॉन्सर करत नाही.

आणि वाट्याचा हिशेब काढायचाच, तर तो गुलमर्गपासून का काढायचा? इंजिनिअरिंगची चार वर्षं मी रात्री अभ्यासाला मित्राच्या घरी जायचो. आमच्या खोलीत सहा माणसं आणि एक टीव्ही. त्यांच्याकडे त्या मानाने शांतता. साडेनऊला काकू, म्हणजे त्याची आई, न विचारता माझ्यासमोर ताट ठेवायच्या. मी पहिले काही दिवस नको म्हणालो असेन. नंतर तेही बंद झालं. चार वर्षं, परीक्षेच्या दिवसांत तर रोज. त्या पोळ्यांची एंट्री कुठल्या ॲपमध्ये आहे? काकूंनी एकदाही, गमतीतसुद्धा, कुणासमोर म्हटलं नाही की हा आमच्याकडे जेवून इंजिनिअर झाला. मला तर हे त्या मंदिराच्या पायऱ्यांवरही आठवलं नाही. परत आल्यावर, मार्चमध्ये, भांडुप स्टेशनवर लोकल उभी असताना आठवलं.

तरीही, मी त्याचं ऐकून गप्प बसलो असतो तर बरं झालं असतं का? ती मुलगी हात पसरून तो उतार उतरली, ते झालंच नसतं. मी तिकिटं न काढता त्याच्या घरी गेलो असतो, पंधरा मिनिटं बसलो असतो, त्याच्या नकोमागे काय आहे ते विचारलं असतं, तर कदाचित तो स्वतःच्या अटींवर आला असता. किंवा नसता आला. किंवा आम्ही तिघांनी मिळून ट्रिप पुढच्या वर्षावर ढकलली असती. हा पर्याय मला त्या वेळी सुचलाच नाही, कारण मला सुट्टी मिळालेली होती आणि मला बर्फ हवा होता. यातलं कोणतं बरोबर, ते मी अजून ठरवू शकलेलो नाही.

जून 2024 मध्ये त्याला नोकरी लागली, आधीपेक्षा कमी पगाराची. 7 जुलैला माझ्या फोनवर यूपीआयचा मेसेज आला: 5,000 रुपये. सोबत दोन आकडे, "1/18". बाकी एक शब्द नाही.

मला ते परत पाठवावेसे वाटले. बोट स्क्रीनपर्यंत गेलं होतं. मग वाटलं, वेगळं खातं काढावं, हे सगळे हप्ते त्यात साठवावे आणि त्या मुलीच्या नावाने ठेवावे, पुढे तिच्या शिक्षणाला. बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "परत स्पॉन्सर?"

तेव्हापासून घेतोय. घेणं हे देण्यापेक्षा अवघड आहे, हे मी कुठे वाचलं असतं तर मान डोलावून पुढे गेलो असतो. दर महिन्याच्या 7 तारखेला मला ते करावं लागतं. मी उत्तरात फक्त "मिळाले" लिहितो. सुरुवातीला हात जोडलेली इमोजी टाकायचो. तिसऱ्या महिन्यात बंद केली. पैसे पगारात मिसळून जातात. एका हप्त्यात गीझर दुरुस्त झाला, एकात मुलाच्या शाळेची बस. ते तसेच साधे पैसे म्हणून खर्च व्हावेत याची मी मुद्दाम काळजी घेतो.

आमचं येणं-जाणं सुरू आहे. या जूनमध्ये विक्रोळीचा पूल एकदाचा सुरू झाला (हो, तोच, ज्याची आपण सगळे कॉलेजपासून वाट बघत होतो), त्यामुळे पश्चिमेहून त्याच्या घरी जायला आता वळसा नाही. मुलगी तेरा वर्षांची झालीय. तिच्या फोनवर स्नोबोर्डचा तो व्हिडिओ आहे. मागच्या महिन्यात तिने माझ्या मुलाला दाखवला, मी शेजारीच होतो. मला तिने दाखवला नाही. मीही बघू म्हणालो नाही.

नोव्हेंबरच्या 7 तारखेला "17/18" आला. शेवटचा हप्ता 7 डिसेंबरला, रविवार आहे. त्या दिवशी आम्हाला तिघांना त्याच्याकडे जेवायला बोलावलंय. काल काकूंचा फोन होता, पोळ्या पुरणाच्या करू की गुळाच्या. मी म्हणालो, दोन्ही करा.